स्वीय सहायकाची नोकरी आणि आनंद थेरांच्या आठ अटी



आपल्या विहारात रविवारची वंदना आटोपली की नोकरीच्या तयारीत असलेली दहा-बारा मुले-मुली मागे थांबतात. कोणी पूर्णा, गंगाखेडहून रेल्वेने आलेला असतो, कोणी जिंतूरहून एस.टी.ने. त्यांच्यापैकी काहींनी लघुलेखनाचा म्हणजे स्टेनोग्राफीचा मार्ग धरला आहे. त्यांचे पालक भेटले की त्यांचा प्रश्न ठरलेला असतो. "काका, स्टेनो म्हणजे साहेब नव्हं ना? साहेबाच्या हाताखालचा?"

हा प्रश्न मला नवा नाही. मला लघुटंकलेखकाच्या जागेचा हुकूम आला, तेव्हा माझ्या वडिलांनी तो दोनदा वाचून घेतला आणि म्हणाले, "आम्ही पाटलाच्या वाड्यापुढं काठी घेऊन उभं राहायचं सोडलं. आन् तू एवढं शिकूनसवरून पुन्हा दाराशीच उभा राहनार?"

आमचे घर येसकरकीचे. गावात सरकारी माणूस आला की त्याच्या घोड्यापुढे पळायचे, सांगावे पोहोचवायचे, वेशीवर रात्र काढायची आणि त्याबदल्यात भाकरीचे तुकडे गोळा करायचे, हे वडिलांनी लहानपणी केलेले होते. परभणी जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. बाबासाहेबांनी १९२८ साली महार वतनाच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले ते मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळात. त्याचा अंमल आमच्याकडे नव्हता. परंतु हे वतन नसून पिढीजात गुलामी आहे, हा विचार हद्द ओलांडून गावोगाव आला, आणि वडिलांच्या पिढीने ती काठी टाकून दिली. अशा माणसाला मुलगा साहेबाच्या केबिनबाहेर टेबल मांडून बसणार, ही गोष्ट झोंबली तर त्यात नवल नाही.

त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. पुढे पस्तीस वर्षे ही नोकरी केल्यावर जे उत्तर सापडले ते वडील हयात नसताना येथे मांडत आहे. त्यासाठी मला पाली वाङ्मयातील एका माणसाचा आधार घ्यावा लागतो. तथागत भगवान बुद्धांचे उपट्ठाक, म्हणजे आजच्या भाषेत स्वीय सहायक, आनंद थेर.

प्रथम हे काम काय असते ते पाहू. बाहेरच्या माणसाला वाटते की साहेब बोलतात आणि स्टेनो लिहून घेतो. ते खरे, पण तो दिवसातला तास-दीड तास. बाकी वेळ टपालाचा. तातडीचे, गोपनीय, अर्धशासकीय असे कागद वेगळे काढायचे, कोणत्या नस्तीवर सही राहिली ते ध्यानात ठेवायचे, दौऱ्याचा कार्यक्रम आखायचा, विश्रामगृहात खोली सांगायची, अधिवेशन चालू असेल तर विधानसभेच्या प्रश्नाचे उत्तर आजच्या आज मुंबईला पोचते की नाही हे पाहायचे. आणि फोन. माझ्या नोकरीची पहिली वर्षे टाइपरायटरवर गेली. एका पत्राच्या पाच प्रती हव्या असत, म्हणजे चार कार्बन. शेवटच्या ओळीत एक शब्द चुकला तर पाचही कागदांवर खोडरबर चालवायचे, किंवा सरळ पुन्हा टंकित करायचे. आजच्या संगणकावर बसणाऱ्या मुलींना हे सांगितले की त्या हसतात. परंतु त्यांच्या मोबाइलवर साहेबांचा निरोप रात्री साडेदहाला येतो, तेव्हा आमचा तो टाइपरायटर बरा होता असे म्हणावे लागते. त्यावर झाकण घातले की दिवस संपत असे.

या कामाचे वैफल्य दोन प्रकारचे आहे. एक नोकरीतले, दुसरे मनातले. नोकरीतले सांगणे सोपे आहे. कारकून म्हणून लागलेला माझा सोबती माझ्या काळी अव्वल कारकून झाला, नायब तहसीलदार झाला. लघुलेखकाची शिडी आखूड. लघुटंकलेखक, निम्नश्रेणी, उच्चश्रेणी, आणि वरच्या जागा मोजक्याच. एका अधिकाऱ्याच्या सवयी, अक्षर, राग, चहाची वेळ हे सगळे अंगवळणी पडते न पडते तोच त्यांची बदली होते. २००५ च्या बदल्यांच्या अधिनियमाने पदावधी सर्वसाधारणपणे तीन वर्षांचा ठरवला, तरी आमच्याकडे पुष्कळ अधिकारी त्याच्या आतच निघून जात. नवे साहेब आले की आपण पुन्हा पहिलीच्या वर्गात.

मनातले वैफल्य मात्र खोल असते. तुम्ही लिहिलेला मसुदा साहेबांच्या सहीने जातो व त्याची वाखाणणी होते. ती त्यांची. त्यात आकडा चुकला तर बोलणे तुम्हाला. अभ्यागताला आत सोडले नाही तर शिवी तुम्हाला, आणि सोडले तर आतून घंटी वाजते, "याला कोणी पाठवलं?" शिवाय आपल्या माणसाच्या वाट्याला एक जादा गोष्ट येते. नवे अधिकारी रुजू झाले की कोणीतरी त्यांच्या कानाशी लागून आपले आडनाव सांगतो. एका कार्यालयात माझ्या टेबलावरचा पाण्याचा ग्लास तीन वर्षे तोच राहिला. तो दुसरा कोणी कधी वापरत नसे. कोणी काही बोलले नाही. तक्रार कशाची करणार?

आता आनंद थेरांकडे वळू.

संबोधीनंतरची पहिली वीस वर्षे तथागतांना कायमचा असा उपट्ठाक नव्हता. निरनिराळे भिक्खू पाळीपाळीने असत. त्यांच्यापैकी नागसमाल थेर एकदा वाटेच्या फाट्यावर हट्टाला पेटले, तथागतांचे पात्र-चीवर जमिनीवर ठेवून दुसऱ्याच रस्त्याने गेले आणि चोरांच्या हातचा मार खाऊन परत आले. मेघिय थेरांना एक आमराई आवडली. मी एकटाच आहे, दुसरा कोणी येईपर्यंत थांब, असे तथागतांनी सांगितले असतानाही ते ध्यानासाठी निघून गेले. या दोन्ही हकीकती उदान ग्रंथात आहेत. मला त्या वाचताना समाधान वाटते हे कबूल करतो. सम्यक संबुद्धांनाही सहायक धड मिळत नव्हता, तर जिल्ह्याच्या अधिकाऱ्याची काय कथा!

वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी तथागतांनी कायमचा उपट्ठाक हवा असल्याचे संघाला सांगितले. सारिपुत्त थेरांपासून सर्व थोर भिक्खू पुढे झाले. त्यांना नकार मिळाला. आनंद मात्र गप्प बसून होते. इतरांनी डिवचले तेव्हा ते म्हणाले की मी हवा असेन तर तथागत स्वतःच सांगतील. तसे सांगितल्यावरही ते लगेच हो म्हणाले नाहीत. त्यांनी आठ अटी घातल्या. अट्ठकथेत हा वृत्तान्त सविस्तर आहे.

पहिल्या चार अटी नकाराच्या. तथागतांना मिळालेले उत्तम चीवर मला देऊ नये. मिळालेले उत्तम भोजन मला देऊ नये. त्यांच्या गंधकुटीत मला निवास देऊ नये. त्यांना व्यक्तिशः आलेल्या निमंत्रणात मला धरू नये. कारण आनंदांनी स्वच्छ सांगितले की, हा या लाभासाठी सेवा करतो असे कोणी म्हणता कामा नये. पुढच्या चार मागण्या. मी स्वीकारलेल्या निमंत्रणाला तथागतांनी यावे. दुरून आलेल्या माणसाला मी आणताक्षणी भेट द्यावी. माझ्या मनात शंका आली की ती केव्हाही विचारण्याची मुभा असावी. आणि माझ्या माघारी दिलेला उपदेश मला पुन्हा सांगावा. तथागतांनी आठही मान्य केल्या. त्यानंतर पंचवीस वर्षे, महापरिनिर्वाणापर्यंत, आनंद सावलीसारखे सोबत होते.

माझ्या वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर या आठ अटींत आहे असे माझे मत झाले आहे. येसकराला अट घालता येत नव्हती. त्याचे काम जन्माने ठरलेले, मोबदला दात्याच्या मर्जीचा, आणि नाही म्हणण्याची सोय नाही. आनंद शाक्य कुळातले, नात्याने तथागतांचे चुलतभाऊ. ते पात्र धूत होते, पाणी आणत होते, पाय चेपत होते, अट्ठकथा म्हणते की रात्री दिवा हातात घेऊन गंधकुटीभोवती नऊ वेळा फिरत होते. कामे तीच, जी कोणी दासही करील. परंतु ती स्वीकारण्यापूर्वी त्यांनी काय घेणार नाही आणि काय मागणार हे उघडपणे सांगितले होते. दास्य आणि सेवा यांतला भेद कामात शोधू नये, तो नकार देण्याच्या सोयीत असतो.

आजच्या कार्यालयात या अटी कशा लागू होतात? चीवर म्हणजे दिवाळीला टेबलावर येणारा मिठाईचा डबा. तो साहेबांसाठी आलेला असतो, आणि एक लहान डबा आपल्यासाठीही असतो. तो घेतला की पुढच्या खेपेस त्या ठेकेदाराची नस्ती वर ठेवावी लागते. कोणी सांगत नाही, हातच तसा वळतो. भोजन आणि निमंत्रण यांबद्दल फार लिहीत नाही. साहेबांच्या गाडीत मागे बसून गावोगावच्या पंगतीला जाणारे सहायक सर्वांनी पाहिले आहेत. निवासाची अट मात्र महत्त्वाची. बंगल्याच्या आवारात राहायला खोली मिळते, भाडे वाचते, आणि हळूहळू गॅसची टाकी आणणे, मुलांना शाळेतून आणणे, बाईसाहेबांची भाजी हे सर्व सहायकाच्या कामात शिरते. मी एकदा अशी खोली नाकारली. रोज सायकल दामटावी लागली. पण सायंकाळी सायकलवर टांग टाकली की मी कोणाचा नव्हतो.

नंतरच्या चार अटींपैकी शंका विचारण्याची अट मला सर्वांत मोलाची वाटते. अनुभव सांगतो. एका गावच्या वस्तीला आग लागून झोपड्या जळाल्या होत्या. वरिष्ठांकडे जाणाऱ्या अहवालाचे श्रुतलेखन चालले होते. साहेब म्हणाले, "किरकोळ नुकसान". मी तो शब्द लिहिला. पेन्सिल पुढे गेली, पण मन तेथेच राहिले, कारण पंचनामा सकाळी मीच लावला होता. श्रुतलेखन संपल्यावर मी म्हणालो, "साहेब, पंचनाम्यात ज्वारीच्या कणग्या, दोन शेळ्या आणि पोरांची दप्तरं आहेत. किरकोळ शब्द ठेवायचा का?" ते काही वेळ माझ्याकडे पाहत राहिले. मग पंचनामा मागवून वाचला आणि शब्द बदलून "संसारोपयोगी साहित्याचे संपूर्ण नुकसान" असे घातले. मदत नियमात होती तेवढीच मिळाली. माझ्या प्रश्नाने एक रुपयाही वाढला नसेल. परंतु कागदावर खोटे गेले नाही.

दर वेळी असे होत नाही, हेही मुलांनी ऐकून ठेवावे. दुसऱ्या एका अधिकाऱ्यांना मी असेच विचारले तेव्हा उत्तर आले, "तुला लिहायला ठेवलंय की वाचायला?" त्यानंतर दोन महिने मला श्रुतलेखनाला बोलावणे आले नाही. दुसऱ्या मुलाला बोलावत. आणि एक वेळ अशी आली की मी विचारलेच नाही. सोनपेठकडची एक विधवा बाई संजय गांधी निराधार योजनेच्या अर्जासाठी तीनदा येऊन गेली होती. तिच्या अर्जावर "निकाली" असे टंकित करण्यास सांगितले गेले, मी केले. ती चौथ्यांदा आली तेव्हा मी नस्तीत मान घातली. पस्तीस वर्षांत साहेबांनी केलेले अपमान मी बव्हंशी विसरलो आहे. ती बाई विसरलो नाही.

दुरून आलेल्या माणसाला लगेच भेट मिळावी, ही अट घालणारे आनंद स्वतः दारावर कसे वागले हे महापरिनिब्बान सुत्तात आहे. कुसिनारा येथे शालवृक्षांमध्ये तथागत शेवटच्या शय्येवर होते. नगरातले मल्ल लोक दर्शनाला लोटले. एकेकाला सोडले तर रात्र पुरणार नाही हे ओळखून आनंदांनी कुटुंबाकुटुंबाचे गट केले, प्रत्येक गटाचे नाव सांगून वंदना करविली आणि रात्रीच्या पहिल्या प्रहरात सर्वांचे दर्शन उरकले. लोकशाही दिनाला जिल्हा कार्यालयात रांग लावणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याने हा परिच्छेद वाचावा. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा कारभार आहे.

त्याच रात्री सुभद्द नावाचा परिव्राजक आला. त्याला एक शंका विचारायची होती. आनंदांनी त्यास तीनदा अडवले. तथागत थकले आहेत, त्यांना त्रास देऊ नका. आनंदांचे काही चुकले असे मला वाटत नाही. सहायकाने साहेबांच्या प्रकृतीची काळजी घ्यायची नाही तर कोणी घ्यायची? परंतु ते बोलणे आत ऐकू गेले आणि तथागतांनी सांगितले, त्यास येऊ द्या, तो जाणून घेण्यासाठी आला आहे, त्रास देण्यासाठी नव्हे. सुभद्द त्यांचे अखेरचे शिष्य झाले. कार्यालयात दाराच्या आतून असा आवाज क्वचितच येतो. म्हणून बाहेर बसलेल्याने समोरचा माणूस जाणून घ्यायला आला आहे की नुसता त्रास द्यायला, हे स्वतःच ओळखायचे असते. ओळख चुकते. माझी अनेकदा चुकली.

आनंदांना बक्षीस काय मिळाले? तथागतांच्या निर्वाणसमयी ते दाराच्या खुंटीला धरून रडत उभे होते. इतरांना मुक्ती दाखवणाऱ्याची सेवा करता करता त्यांची स्वतःची साधना मागे पडली होती. ते अजून अर्हत झालेले नव्हते. तथागतांनी त्यांना बोलावून घेतले आणि सर्व भिक्खूंसमक्ष त्यांच्या सेवेची वाखाणणी केली. सहायकाला चारचौघांत मिळालेले हे शब्द मला कोणत्याही प्रशस्तिपत्रापेक्षा मोठे वाटतात. परंतु पुढे राजगृहाच्या पहिल्या संगीतीत काय झाले तेही पाहावे. आनंदांवर दोष ठेवण्यात आले. क्षुद्र नियम कोणते ते तुम्ही विचारून का घेतले नाही? चीवर शिवताना त्यावर पाय का दिला? स्त्रियांना प्रव्रज्या मिळावी म्हणून खटपट का केली? पंचवीस वर्षे सेवा करणाऱ्याला साहेब गेल्यावर जाब विचारला जातो, हा अनुभव त्यांनाही चुकला नाही. त्यांनी उत्तर दिले की मला यात दोष दिसत नाही, परंतु संघाचा मान राखून मी तो कबूल करतो. महाप्रजापती गौतमींसाठी त्यांनी जे केले त्यावर त्यांनी पाणी सोडले नाही, एवढे आपल्या भगिनींनी ध्यानात घ्यावे.

आणि त्याच संगीतीत धम्म सांगण्यासाठी संघाला त्यांच्याचकडे यावे लागले. त्यांनी ऐकलेले सर्व स्मरणात होते. शेवटच्या अटीचा अर्थ येथे उलगडतो. माघारी दिलेला उपदेशही मला पुन्हा सांगावा, असे त्यांनी मागितले नसते तर सुत्तपिटक आज जसे आहे तसे आपल्या हाती आले नसते.

असेच एक उदाहरण बुद्धधम्माच्या बाहेरचे आहे. रोमचा थोर वक्ता सिसेरो याच्याकडे तिरो नावाचा लेखनिक होता. तो जन्माने गुलाम. मालकाची भाषणे टिपून घेण्यासाठी त्याने खुणांची लघुलिपी वापरात आणली असे मानतात. सिसेरोने त्यास इ.स.पू. ५३ साली दास्यमुक्त केले. त्यानंतरही तिरो त्याच्याकडेच काम करीत राहिला आणि सिसेरोच्या मृत्यूनंतर त्याचे लेखन जतन करण्याचे कामही त्यानेच केले. मुक्त झाल्यावर तेच काम करणारा तिरो आणि मुक्त होण्यापूर्वीचा तिरो, बाहेरून पाहणाऱ्याला एकच दिसला असेल.

आपल्याला मात्र इतक्या दूर जाण्याची गरज नाही. परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे आनंद म्हणजे नानकचंद रत्तू. पंजाबातल्या होशियारपूर जिल्ह्यातला हा तरुण दिल्लीत सरकारी नोकरी करीत होता. दिवसभर कचेरी, आणि सायंकाळी सायकलने २६, अलीपूर रोड. मंत्रिपद सोडल्यानंतर १९५१ पासून बाबासाहेब या घरी राहत होते. मधुमेह, गुडघ्यांचे दुखणे, अधू होत चाललेली दृष्टी, आणि समोर अपुऱ्या ग्रंथांचा ढीग. रत्तू श्रुतलेखन घेत, टंकित करीत, बाबासाहेब त्यावर दुरुस्त्या करीत, रत्तू पुन्हा टंकित करीत. 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथाची पाने अशा रीतीने तयार झाली. ज्याने कार्बन लावून टाइपरायटर चालवला आहे त्यालाच एका दुरुस्तीची किंमत कळेल. ती सेवा रत्तूंनी रात्री जागून केली, कचेरीच्या कामानंतर, आपखुशीने.

ग्रंथ तयार होऊनही छपाईला पैसा नव्हता. १४ सप्टेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून सरकारने या ग्रंथाच्या ५०० प्रती घ्याव्यात अशी विनंती केली. दुसऱ्याच दिवशीच्या उत्तरात नकार होता. बुद्धजयंतीचे अडीच हजारावे वर्ष, आणि हे उत्तर! सहायकाचे मन अशा वेळी काय होत असेल हे आम्ही जाणतो. साहेबांचे दुःख आधी पाहतो तो सहायकच, आणि ते बाहेर सांगायचे नसते.

जुलै १९५६ मधली एक हकीकत रत्तूंनी आपल्या 'लास्ट फ्यू इयर्स ऑफ डॉ. आंबेडकर' या १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात नोंदली आहे. बाबासाहेब खिन्न होते, डोळ्यांत पाणी होते. रत्तूंनी धीर करून कारण विचारले. मोठ्या कष्टाने येथवर आणलेला हा काफिला पुढे नेता आला नाही तर निदान मागे तरी जाऊ देऊ नका, या आशयाचे जे उद्गार आज प्रत्येक विहाराच्या भिंतीवर रंगवलेले दिसतात, ते त्या प्रश्नाला मिळालेले उत्तर आहे. येथेही तीच तिसरी अट. सहायकाने विचारले म्हणून आपल्याला कळले.

५ डिसेंबर १९५६ च्या रात्री रत्तू घरी जायला निघाले होते. त्यांना पुन्हा बोलावणे आले. बाबासाहेबांना ग्रंथाची प्रस्तावना आणि आचार्य अत्रे व एस. एम. जोशी यांना लिहिलेली पत्रे टेबलावर हवी होती, रात्री नजरेखालून घालण्यासाठी. रत्तूंनी कागद काढून ठेवले आणि ते सायकलने घरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना न्यायला माणूस आला तो महापरिनिर्वाणाची वार्ता घेऊन. ग्रंथ १९५७ साली मुंबईत प्रसिद्ध झाला. अलीपूर रोडच्या त्या जागी आता राष्ट्रीय स्मारक आहे, २०१८ साली त्याचे उद्घाटन झाले. नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू ठेवल्या आहेत, त्यांत टाइपरायटरही आहे. मी तो पाहायला गेलो तेव्हा सोबतचे लोक कोट आणि टोपीपुढे हात जोडत होते. मी बराच वेळ त्या यंत्राच्या कळा पाहत उभा राहिलो.

येथे एक इशारा द्यायला हवा. प्रत्येक साहेब तथागत नसतो की बाबासाहेब नसतो. कोणत्याही अधिकाऱ्याला आपली सगळी सायंकाळ, सगळी निष्ठा देऊन टाकावी असे मी कोणास सांगणार नाही. रत्तूंची निष्ठा पाहून आपण तीच ज्याच्या-त्याच्या पायाशी वाहू लागलो, तर वडिलांचे म्हणणे खरे ठरेल. पगार आठ तासांचा आहे. मुलींनी तर हे आधीच स्पष्ट करावे. जिंतूरची शेवटची एस.टी. चुकवून काम करणे ही निष्ठा नव्हे. आणि कोणी मर्यादा सोडून वागले तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक माणसे असलेल्या प्रत्येक कार्यालयात अंतर्गत तक्रार समिती असलीच पाहिजे, तिचे सदस्य कोण हे रुजू झाल्याच्या आठवड्यात विचारून घ्यावे.

राहिला मोबदला. पगार, निवृत्तिवेतन, मुलांचे शिक्षण हे आहेच, ते मी कमी लेखत नाही. त्या पगारावर आमच्या घरात पुढची पिढी शिकली. परंतु आणखी काही मिळते. शासनाचा निर्णय वरून खाली कसा येतो आणि वाटेत कोठे अडतो, हे सहायकाइतके कोणाला दिसत नाही. भारत सरकार शिष्यवृत्तीचे आमच्या मुलांचे अर्ज एकदा केवळ एका प्रमाणपत्राच्या नमुन्यावरून अडकले होते. कोणत्या टेबलावर, कोणत्या परिपत्रकाच्या कोणत्या ओळीमुळे, हे मला ठाऊक होते. मी साहेबांना ती ओळ दाखवली. अर्ज सुटले. माझे नाव त्यात कोठेही नाही, आणि ज्यांना शिष्यवृत्ती मिळाली त्यांनाही हे माहीत नाही. वडिलांना मात्र सांगितले होते. ते काही बोलले नाहीत, पण त्या रात्री जेवताना आईला म्हणाले, "याला दूध दे."

आता अभ्यासाविषयी थोडे. शासकीय भरतीसाठी मराठी टंकलेखन मिनिटाला ३० शब्द आणि इंग्रजी ४० शब्द, तसेच लघुलेखन लघुटंकलेखकासाठी ८०, निम्नश्रेणीसाठी १०० आणि उच्चश्रेणीसाठी १२० शब्द गतीचे लागते. टंकलेखन आता संगणकावर असले तरी लघुलेखन हाताचेच आहे. सर आयझॅक पिटमन यांनी १८३७ साली काढलेल्या पद्धतीत प ची रेघ बारीक आणि ब ची तीच रेघ जाड. यास मऊ पेन्सिल आणि रोजचा सराव यांवाचून इलाज नाही. निदान दीड वर्ष रोज दोन तास द्यावे. आठवड्यातून एकदा लिहून हात वळत नाही. लिहिलेले त्याच दिवशी वाचून काढावे, दुसऱ्या दिवशी आपलेच अक्षर आपल्याला ओळखू येत नाही.

रविवारी विहारात मी श्रुतलेखनासाठी बाबासाहेबांच्या २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतील भाषणाचा मराठी अनुवाद घेतो, ८० च्या गतीने. मागच्या महिन्यात एका मुलीने वाचून दाखवताना "स्वातंत्र्य, समिती आणि बंधुता" असे वाचले, आणि सगळे हसले. चूक तिची नव्हती. घाईत स्वरचिन्हे गाळली की समता आणि समिती यांची रेघ एकसारखीच दिसते. तेव्हापासून ती त्या शब्दावर स्वर देऊन लिहिते. त्यात तिचा अर्धा क्षण जातो. गती तिची ७५ वर आली आहे.